सिंधुदुर्ग किनाऱ्याची सी-कयाक मार्गदर्शिका: छापील की डिजिटल, प्रकल्प नोंदी

2 नोव्हेंबर 2025

विजयदुर्गपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंतच्या किनाऱ्यावर सी-कयाकने, म्हणजे समुद्रात वल्हवायच्या लांब, अरुंद होडीने, प्रवास करणाऱ्यांसाठी मराठी मार्गदर्शिका तयार करण्याचे काम आज सुरू झाले. कोणते टप्पे घ्यायचे, कोणते वगळायचे याबद्दल आमच्या गटात फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो मार्गदर्शिकेच्या रूपाबद्दल. तरुण सदस्यांचे म्हणणे असे की फोन प्रत्येकाजवळ असतोच, त्यावर नकाशा, हवामान आणि स्वतःचे स्थान एकत्र दिसते, चुका लगेच दुरुस्त करता येतात, मग छपाईत पैसे अडकवायचे कशाला? ज्येष्ठांचे म्हणणे असे की समुद्रावर ज्याला बॅटरी लागते त्याच्यावर विसंबून निघू नये.

दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच केवळ मतांवर हा प्रश्न सुटणार नाही. मार्गदर्शिका एकाच ठिकाणी वाचली जात नाही. घरी सहलीची आखणी करताना ती निवांतपणे वाचली जाते. निघण्याच्या सकाळी पुळणीवर घाईने पाहिली जाते. आणि पाण्यावर, दोन्ही हातांत वल्हे असताना, तिच्याकडे ओझरती नजर टाकायला मिळते. या तिन्ही वेळी वाचणाऱ्याची गरज वेगळी असते. त्यामुळे प्रत्येक टप्प्याची माहिती गोळा करताना तिच्यापुढे दोन गोष्टी लिहायच्या असे ठरवले आहे: ही माहिती कुठे वाचली जाईल आणि ती किती दिवस खरी राहील. रूपाचा निर्णय त्यानंतर.

6 नोव्हेंबर 2025

काल त्रिपुरी पौर्णिमा झाली, म्हणजे हे उधाणाचे, सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस. कर्ली नदीचे मुख पाहण्यासाठी देवबागला गेलो. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला नदी यांच्यामधली वाळूची लांब पट्टी. तिच्या दक्षिण टोकाला कर्ली समुद्राला मिळते आणि समोर भोगवे दिसते. या मुखाशी वाळूचे दांडे, म्हणजे पाण्यातले उथळ पट्टे, आहेत, आणि कयाकच्या दृष्टीने या संपूर्ण टप्प्यातील सर्वांत नाजूक जागा हीच आहे.

ओहोटी चालू असताना नदीचे पाणी जोराने बाहेर पडते आणि समोरून येणाऱ्या लाटांना भिडते. प्रवाह विरुद्ध दिशेचा असला की लाटेची लांबी कमी होते, ती उभी राहते आणि उथळ दांड्यावर फुटते. भरती संपल्यानंतरच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. बारा भागांच्या ढोबळ नियमाप्रमाणे पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग उतरतो. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पूर्ण भरती मध्यान्हाच्या आसपास येते, त्यामुळे ओहोटीचा सर्वांत जोराचा काळ दुपारी दोन ते चारच्या सुमारास पडतो, आणि नेमका त्याच वेळी वायव्येकडून खारा वाराही चढलेला असतो. आज दुपारी तीनच्या आधी हे सगळे किनाऱ्यावर उभे राहून पाहिले. सकाळी जिथून लहान मूलही होडी नेऊ शकले असते, तिथे पांढऱ्या फेसाची सलग रेघ उभी होती.

उधाणाच्या दिवशी दुपारी हे मुख टाळावे, ही सूचना दहा वर्षांनंतरही खरी राहील. तिच्यामागे चंद्र आणि वारा आहेत, आणि त्यांचे वेळापत्रक बदलत नाही. ही सूचना निःशंकपणे छापता येते. पण दांड्यामधली वाट कोणत्या बाजूने आहे, हे छापता येत नाही. मुखाजवळ जाळी सुकवत बसलेल्या तांडेल (होडीचा प्रमुख) काकांना आमचा कच्चा नकाशा दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “पाऊस सरलो काय दांडो जाग्यार रवना नाय. तो कागदार काय काढतलात?”

हाच आक्षेप उपग्रह चित्रालाही लागू आहे, हे त्यांच्याशी बोलताना अधिक स्पष्ट झाले. फोनवरच्या चित्रात दांडा इतका स्वच्छ दिसतो की तो आजचाच आहे असे वाटते. प्रत्यक्षात ते चित्र कोणत्या वर्षीचे, कोणत्या महिन्यातले आणि भरतीच्या कोणत्या अवस्थेतले आहे हे बहुतेक वापरकर्ते पाहत नाहीत. कागदावरचा जुना नकाशा निदान जुना दिसतो. पडद्यावर जुनेपण दिसत नाही.

9 नोव्हेंबर 2025

चिवल्याच्या पुळणीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती फेरी. आज फक्त फोनवरचा नकाशा वापरायचा असे ठरवून निघालो होतो. फोन पारदर्शक वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घालून डेकच्या इलॅस्टिक दोराखाली अडकवला.

आधी जमेची बाजू. किल्ल्याच्या पश्चिमेला, तटाच्या बाहेरच्या अंगाला गेल्यावर मालवणचा किनारा तटबंदीमागे जातो आणि आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज क्षणभर हरवतो. त्या वेळी नकाशावरचा निळा ठिपका मोठा दिलासा देतो. जीपीएसला मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर फोन विमान अवस्थेत असतानाही स्थान बरोबर दाखवतो, आणि बॅटरीही वाचते. वेग आणि कापलेले अंतर आपोआप नोंदले जाते, त्यामुळे टप्प्याला लागणाऱ्या वेळेचा अंदाज नंतर सुधारता येतो. हे काम कागदाला कधीही जमणार नाही.

अडचणी मात्र पाण्यावर निघाल्यानंतरच कळतात. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे पाऊचवर पडलेल्या थेंबांना स्क्रीन बोटे समजते. नकाशा स्वतःहून मोठा होत होता, सरकत होता, आणि ओल्या बोटाने तो पुन्हा जागेवर आणणे कठीण जात होते. पोलराइज्ड गॉगलमधून पाहताना फोन आडवा केला की स्क्रीन जवळजवळ काळी दिसत होती, आणि गॉगल काढावा तर पाण्याच्या चकाकीने डोळे दिपत होते. दहानंतर उन्हाने फोन तापला आणि त्याने स्क्रीनचा उजेड आपणहून कमी केला, म्हणजे ज्या वेळी जास्त उजेड हवा होता त्याच वेळी. फोनमधील लोहचुंबकांमुळे डेकवरच्या होकायंत्राची सुई हलते. फोन शेजारी ठेवल्यावर ती स्पष्टपणे सरकली, आणि कॉकपिटजवळ मागे घेतल्यावर पूर्ववत झाली.

फोनच्या खोक्यावर आयपी-68 हा पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असतो, त्यावर लोक फार विश्वास ठेवतात. ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात घेतलेली असते. समुद्राचे खारे पाणी, लाटेचा मारा आणि चार्जिंगच्या छिद्रात साठणारे मीठ यांचा त्या आकड्याशी संबंध नाही. मार्गदर्शिकेच्या पहिल्याच पानावर हे लिहायचे आहे.

14 नोव्हेंबर 2025

छोटी पण आवश्यक नोंद. मालवण सुमारे 16 अंश 03 मिनिटे उत्तर आणि 73 अंश 28 मिनिटे पूर्व येथे आहे. सागरी नकाशांवर आणि व्हीएचएफ रेडिओवर अंश व मिनिटे वापरतात, तर फोनवरची बहुतेक ॲप दशांशातील अंश मागतात. कुणी कागदावरचे 73 अंश 28 मिनिटे फोनमध्ये 73.28 असे भरले, तर बिंदू सुमारे 20 किलोमीटर पश्चिमेला, उघड्या समुद्रात जाऊन पडतो. 16 अंश 03 मिनिटांच्या जागी 16.03 भरले, तर सुमारे 2.2 किलोमीटर दक्षिणेला सरकतो. पहिली चूक लगेच लक्षात येईल. दुसरी येणार नाही, आणि म्हणून ती अधिक धोक्याची आहे.

निर्णय: छापील पत्रक आणि डिजिटल फाइल या दोहोंत अंश व दशांश मिनिटे ही एकच पद्धत राहील, आणि प्रत्येक बिंदूला दोन्हीकडे एकच क्रमांक असेल.

22 नोव्हेंबर 2025

कागदाच्या चाचण्या. हे काम दिसायला किरकोळ, पण आजचा पूर्ण दिवस त्यात गेला आणि तो सत्कारणी लागला असे वाटते.

साध्या कागदावर घरगुती इंकजेट प्रिंटरने काढलेले पत्रक समुद्राच्या पाण्याच्या बादलीत घातल्यावर शाई ताबडतोब पसरली. लेझर प्रिंटरचा टोनर पसरला नाही, पण कागदाचा लगदा झाला. लॅमिनेशन केलेली पत्रके टिकतात, मात्र कागदाच्या काठाशी काठ लावून कापली तर पाणी कडेने आत शिरते. प्लास्टिकची निदान पाच मिलिमीटरची किनार चारही बाजूंनी सोडावी लागते. चकचकीत लॅमिनेशनवर ऊन पडले की नकाशाचा अर्धा भाग दिसेनासा होतो. मॅट लॅमिनेशन बरे, पण तेही दुमडता येत नाही, आणि दुमडले तर घडीवर चिरते.

सर्वांत चांगला अनुभव सिंथेटिक, म्हणजे न फाटणाऱ्या कागदाचा आला. हा कागद घडी घालता येतो, भिजला तरी हाताने पुसून घेता येतो, आणि त्याच्या मॅट पृष्ठभागावर शिसपेन्सिलीने ओल्या स्थितीतही लिहिता येते. पाण्यावर असताना निघण्याची वेळ, वाऱ्याची दिशा, पुढच्या बिंदूपर्यंतचा अपेक्षित वेळ अशा नोंदी करता येणे हा कागदाचा गुण आम्ही सुरुवातीला पुरेसा लक्षात घेतला नव्हता. छापखान्यातील गृहस्थांनी बजावले की पॉलिप्रॉपिलीनचा सिंथेटिक कागद घरच्या लेझर प्रिंटरमध्ये घालू नये. आतल्या उष्णतेने तो वितळतो आणि प्रिंटरही बिघडतो. पॉलिएस्टरचा चालतो. ज्यांना आमची फाइल घरी छापायची आहे त्यांच्यासाठी ही सूचना महत्त्वाची आहे.

बांधलेले पुस्तक डेकवर निरुपयोगी आहे, यावर आज सर्वांचे एकमत झाले. ते दोराखाली सपाट बसत नाही, वाऱ्याने पाने उलटतात, आणि तारेची स्पायरल बांधणी खाऱ्या हवेत गंजते. त्यामुळे छापील म्हणजे पुस्तकच असे समजण्याचे कारण नाही. पाण्यावर न्यायची ती सुटी पत्रके: ए-4 आकाराचे एक पत्रक, मध्ये घडी घालून ए-5, वरच्या बाजूला नकाशा आणि दुसऱ्या बाजूला मोजका मजकूर. अक्षर 14 पॉइंटपेक्षा लहान नको. डेकवरचे पत्रक डोळ्यांपासून हातभर अंतरावर असते, आणि चाळिशीचा चष्मा लावून कुणी वल्हवत नाही.

27 नोव्हेंबर 2025

आजच्या बैठकीत एका सदस्याने असा मुद्दा मांडला की जगभरात अधिकृत सागरी नकाशेच कागदावरून हद्दपार होत आहेत, मग आपण उलट्या दिशेने का जावे? मुद्दा महत्त्वाचा असल्याने त्याचे उत्तर सविस्तर नोंदवतो.

अमेरिकेच्या नोआ या संस्थेने पारंपरिक कागदी सागरी नकाशे बंद करण्याची योजना 2019 मध्ये जाहीर केली आणि जानेवारी 2025 पर्यंत ती पूर्णत्वास नेली. ब्रिटनच्या जलालेखन कार्यालयाने 2022 मध्ये तसाच निर्णय जाहीर करून 2026 अखेरची मुदत सांगितली होती. नंतर ती मुदत किमान 2030 पर्यंत वाढवण्यात आली, कारण लहान नौका वापरणाऱ्यांसाठी पुरेसे पर्याय अजून तयार नव्हते. मोठ्या जहाजांवर इलेक्ट्रॉनिक नकाशा प्रणाली असते, पण ती एकटी नसते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तिच्या जोडीला पुरेशी पर्यायी व्यवस्था ठेवावीच लागते, आणि बहुधा ती स्वतंत्र वीजपुरवठ्यावर चालणारी दुसरी तशीच प्रणाली असते. जहाजाने कागद सोडला तो दुसरा पडदा आणि दुसरी वीज हाताशी ठेवून. कयाकवर दुसरा पडदा म्हणजे सोबत्याचा फोन, आणि तोही त्याच उन्हात, त्याच खाऱ्या पाण्यात असतो. जहाजाचे उदाहरण म्हणूनच आम्हाला जसेच्या तसे लागू पडत नाही.

नोआने मात्र आणखी एक गोष्ट केली, आणि ती आम्ही उचलणार आहोत. हवा तो भाग आणि हवे ते प्रमाण निवडून स्वतःचा नकाशा पीडीएफ स्वरूपात तयार करण्याची आणि तो आपल्या खर्चाने छापून घेण्याची सोय त्यांनी सर्वांना खुली ठेवली आहे. मूळ माहिती डिजिटल, आणि हातात येणारी वस्तू कागदाची. माहिती कशात साठवायची आणि ती कशावर वाचायची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्या गटात इतके दिवस हे दोन प्रश्न एकात एक गुंतले होते.

कागदी सागरी नकाशांची एक जुनी शिस्तही आम्ही घेतो आहोत. नकाशात केलेल्या प्रत्येक दुरुस्तीचे वर्ष आणि क्रमांक चौकटीबाहेर, खालच्या डाव्या कोपऱ्यात हाताने लिहिले जातात, त्यामुळे नकाशा कितपत ताजा आहे हे एका नजरेत कळते. आमच्या प्रत्येक पत्रकावर त्याच कोपऱ्यात पाहणीची तारीख छापलेली असेल आणि तिच्या पुढे वाचकाने दुरुस्त्या लिहिण्यासाठी रिकाम्या ओळी असतील.

3 डिसेंबर 2025

भरती-ओहोटीचे पान. फोनवर भरतीच्या वेळा सहज मिळतात, पण त्या कोणत्या बंदराच्या आहेत हे ॲपमध्ये ठळकपणे दिसतेच असे नाही. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे येते, म्हणजे मालवणला ती मुंबईच्या आधी येते. त्यामुळे मुंबईच्या वेळा पाहून मालवणला निघालेला माणूस पाणी उतरायला लागल्यावर पोहोचेल. पाण्याची चढ-उतारही वेगळी असते. मुंबईत मोठ्या उधाणाला ती साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते, दक्षिणेकडे येताना कमी होत जाते, आणि गोव्यातील मुरगावला साधारण निम्म्यावर येते.

रोजच्या वेळा छापणे व्यर्थ आहे, कारण ते पान वर्षाअखेर रद्दी होईल. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टके दरवर्षी प्रसिद्ध करतो आणि त्यांत मुरगाव व मुंबई ही दोन्ही बंदरे आहेत. पत्रकावर छापायचा तो फरक: मुरगावच्या भरतीच्या तुलनेत या ठिकाणी भरती किती आधी वा नंतर येते. तो फरक वर्षानुवर्षे टिकतो. स्कॉटलंड आणि वेल्सच्या किनाऱ्यांसाठीच्या छापील कयाक-मार्गदर्शिका पूर्वीपासून हीच पद्धत वापरतात, आणि म्हणूनच त्यांच्या जुन्या प्रतीही कामाला येतात. आमचे फरक निश्चित करण्यासाठी प्रत्येक ठिकाणी आणखी काही महिने निरीक्षण करावे लागेल. तोपर्यंत ते पत्रकावर जाणार नाहीत.

याच पानावर तिथीचा हिशेबही देणार आहोत. कोकणात पूर्वापार सांगतात की तिथीला पाऊणाने गुणले की पूर्ण भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब ढोबळ आहे. भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे जाते, तर पाऊण तास म्हणजे 45 मिनिटे. रोजची ही पाच मिनिटांची तूट साचत जाऊन पंधरवड्याच्या अखेरीस एक तासाच्या पुढे जाते. शिवाय दक्षिणेकडच्या बंदरांसाठी वेळ अलीकडे घ्यावी लागते. तरीही फोन बंद पडलेल्या माणसाला भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी पाहून पाणी भरते आहे की उतरते आहे, एवढे या हिशेबाने नक्की सांगता येते. तो छापताना त्याच्या मर्यादाही शेजारीच छापायच्या.

10 डिसेंबर 2025

आज निवतीपासून भोगव्यापर्यंत किनाऱ्याची रेखाचित्रे काढण्याचे काम केले, आणि मला स्वतःला ते या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाचे वाटते.

नकाशा कागदावर असो वा पडद्यावर, तो आकाशातून पाहिलेला असतो. कयाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून जेमतेम 80 सेंटिमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवरून क्षितिज सुमारे 3.2 किलोमीटरवर असते, आणि त्यापलीकडची सपाट पुळण क्षितिजाखाली जाते. उलट 15 मीटर उंचीच्या माडांचे शेंडे, हवा स्वच्छ असेल तर, 17 किलोमीटरवरूनही दिसू शकतात. म्हणून दुरून आधी डोंगराची कड दिसते, मग माड, आणि पुळण सर्वांत शेवटी. नकाशावर ठळकपणे दिसणारे खाडीचे मुख बाजूने येताना दिसतच नाही. अगदी जवळ गेल्यावर किनाऱ्याच्या रेषेत ते अचानक उघडते.

मच्छीमार ज्याला खूण धरणे म्हणतात ते नेमके याच उंचीचे शास्त्र आहे. डोंगराचा एक सुळका आणि त्याच्या अलीकडचे एक झाड किंवा देवळाचा कळस एका रेषेत आले की आपण त्या रेषेवर आहोत हे ठरते. दुसऱ्या दिशेला तशीच दुसरी जोडी मिळाली की जागा पक्की होते. जुन्या सागरी नकाशांवर आणि नाविक मार्गदर्शिकांत किनाऱ्याची अशी पार्श्वचित्रे छापलेली असत. पुढे ती मागे पडली, कारण जहाजांना त्यांची गरज उरली नाही. कयाकला ती आहे.

आम्ही आज सकाळच्या उजेडात, किनाऱ्यापासून साधारण एक किलोमीटर बाहेरून, निवतीच्या किल्ल्याचा डोंगर, त्याच्या दक्षिणेकडचे कातळ आणि भोगव्याच्या बाजूची माडांची रांग अशी चित्रे काढली. छायाचित्रेही घेतली, पण संध्याकाळी दोन्ही शेजारी ठेवली तेव्हा फरक स्पष्ट दिसला. छायाचित्रात डोंगर ठेंगणा होतो आणि धुरकट हवेत त्याच्या कडा विरतात. रेखाचित्रात ओळखीची वळणे तेवढी उरतात. हातभर अंतरावरून, हलत्या डेकवर, वाचणाऱ्याला तीच वळणे लागतात. रेखाचित्रे पत्रकाच्या वरच्या काठाला, नकाशाच्या वर छापायची, म्हणजे नजर उचलली की चित्र आणि किनारा एकापाठोपाठ दिसतील. छायाचित्रे डिजिटल आवृत्तीत राहतील. घरी आखणी करताना ती मोठी करून पाहता येतात आणि तिथे त्यांचा उपयोग आहे.

18 डिसेंबर 2025

काय प्रसिद्ध करू नये, यावर आज चर्चा झाली. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरील गुहांत भारतीय पाकोळ्या घरटी करतात, आणि लाळेपासून बनणाऱ्या या घरट्यांची पूर्वी चोरी होऊन तस्करी झालेली आहे. त्या गुहांचे बिंदू किंवा उतरण्याच्या जागा आम्ही कोणत्याही रूपात देणार नाही. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या, जे 1987 मध्ये घोषित झाले, सीमा मात्र दोन्ही रूपांत द्यायच्या.

मच्छीमारांनी विश्वासाने दाखवलेल्या मासेमारीच्या जागांबद्दलही तोच निर्णय आहे. इथे कागद आणि फाइल यांत खरा फरक आहे. पुस्तकातल्या वर्णनावरून जागा शोधायला थोडे तरी कष्ट आणि थोडी तरी ओळख लागते. जीपीएक्स फाइल, म्हणजे फोनमध्ये थेट उघडणारी बिंदूंची यादी, एका क्षणात हजारो अनोळखी लोकांना नेमक्या खडकावर नेऊन उभे करते. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासेमारी करण्याच्या, पुळणींबद्दल मात्र उलट आहे. रापण ओढली जात असताना कयाकने जाळ्याचा फेर ओलांडणे म्हणजे अनेक घरांचे त्या दिवसाचे उत्पन्न धोक्यात घालणे. त्या पुळणी ठळकपणे दाखवायच्या, आणि बोये (जाळ्याचे तरंगते गोळे) दिसले तर जाळ्याच्या बाहेरून वळसा घालून थांबावे, रापणकरांनी खुणेने बोलावल्यावरच काठाला लागावे, असे पत्रकावर स्पष्ट लिहायचे.

29 डिसेंबर 2025

सुरक्षिततेचे पान लिहून झाले. परदेशी मार्गदर्शिकांत सॅटेलाइट मेसेंजर जवळ ठेवण्याचा सल्ला सर्रास असतो. भारतात परवानगीशिवाय असे उपकरण किंवा सॅटेलाइट फोन बाळगणे बेकायदेशीर आहे, आणि त्यामुळे परदेशी प्रवाशांना विमानतळांवर ताब्यात घेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. परदेशातून येणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे पहिल्या परिच्छेदातच लिहिले आहे. तटरक्षक दलाचा 1554 आणि सर्वसाधारण आपत्कालीन 112 हे क्रमांक प्रत्येक पत्रकावर छापले जातील. फोन हे इथले संकटकाळचे मुख्य साधन आहे, आणि म्हणूनच तो दिवसभर नकाशासाठी डेकवर तापत ठेवू नये. बंद करून, ड्राय बॅगमध्ये, लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवावा. कागदाच्या बाजूने मला सर्वांत वजनदार वाटणारे कारण हेच आहे.

लाटा आणि वाऱ्याच्या अंदाजासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेची माहिती निघण्यापूर्वी पाहावी, अशी सूचना आहे. ती अर्थातच डिजिटल आहे, आणि तिला कागदी पर्याय नाही. जून-जुलैमधील मासेमारी बंदीचा काळ आणि एकूणच पावसाळा या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर ठेवला आहे.

8 जानेवारी 2026

पुण्याहून आणि गोव्याहून आलेल्या, या किनाऱ्याला नवख्या पण कयाकचा अनुभव असलेल्या पाहुण्यांना कच्ची पत्रके आणि डिजिटल फाइल दोन्ही देऊन आचरा ते मालवण हा टप्पा करायला सांगितला. आम्ही मागे राहून पाहत होतो.

आदल्या रात्री कुणीही कागदाला हात लावला नाही. सगळे फोनवर नकाशा मोठा-लहान करत, छायाचित्रे पाहत, अंतर मोजत बसले होते, आणि ते काम फोनवर खरोखर चांगले होते. पाण्यावर चित्र पालटले. तळाशीलच्या पट्टीसमोरून जाताना एका पाहुण्याने फोनवर नकाशा बराच मोठा करून ठेवला होता, त्यामुळे सर्जेकोटचे टोक अगदी जवळ आहे असे त्यांना वाटले. कागदाचे प्रमाण बदलत नाही. ज्यांच्यासमोर पत्रक होते त्यांनी बोटाच्या पेराने उरलेले अंतर मोजून अजून तासाभराचे वल्हवणे आहे असे लगेच सांगितले. मात्र पत्रकावरचा मजकूर त्यांना जास्त वाटला. “काका, पाण्यावर वाक्यं वाचवत नाहीत, शब्द वाचवतात,” असे त्यांच्यातील एका मुलीने सांगितले, आणि ती सूचना आम्ही स्वीकारली आहे.

वाचकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या कोण तपासणार, हा प्रश्नही त्यांनीच काढला. डिजिटल पानावर कुणीही सूचना पाठवू शकेल, पण गटातील दोघांनी जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय ती मूळ मजकुरात जाणार नाही. तोवर ती तारखेसह, तपासणी बाकी अशा शिक्क्याने स्वतंत्र दिसेल.

17 जानेवारी 2026

रूपाचा निर्णय झाला. घरी वाचण्याचे सविस्तर पुस्तक केवळ डिजिटल असेल: टप्प्यांचा इतिहास, छायाचित्रे, मुक्कामाच्या जागा, पोहोचण्याचे रस्ते, आणि दर मोसमात बदलणारे सर्व काही. ते संपूर्ण फोनवर उतरवून ठेवता येईल. नेटवर्क नसेल तर उघडणार नाही असे एकही पान त्यात नसेल. पाण्यावर न्यायची पत्रके छापील असतील, सिंथेटिक कागदावर, आणि त्यांवर तेवढेच असेल जे टिकते: किनाऱ्याची रेखाचित्रे, अंतरे, कातळ, भरतीचा फरक, वाऱ्याची रोजची चाल, माघारी फिरण्याच्या जागा. त्याच पत्रकांची पीडीएफ मोफत राहील, म्हणजे ज्याला विकत घ्यायची नाहीत तो एक पत्रक घरी छापून घेऊ शकेल. पत्रकाच्या कोपऱ्यातील क्यूआर कोड त्या टप्प्याच्या बदलत्या माहितीकडे नेईल, आणि त्याच्याखाली “निघण्यापूर्वी किनाऱ्यावर पाहा” असे लिहिलेले असेल.

छपाईच्या खर्चाबद्दल थोडी चिंता आहे, कारण सिंथेटिक कागद महाग पडतो आणि प्रती कमी आहेत. सर्व टप्पे एकदम न छापता, जे तपासून झाले तेवढेच छापायचे असा मार्ग निघाला. बांधणी नसल्यामुळे ते शक्य आहे, आणि एखादे पत्रक बदलावे लागले तर बाकीचा संच वाया जात नाही.

24 जानेवारी 2026

मालवण ते भोगवे या पत्रकाचे शेवटचे प्रूफ तपासले. कर्लीच्या मुखाशी वाळूचा एकही दांडा काढलेला नाही. तिथे तुटक रेषेची चौकट आहे आणि तिच्यात मजकूर आहे: “दांडे दर पावसाळ्यात हलतात. देवबागला उतरून मुख डोळ्यांनी पाहा, लाटा कुठे फुटत नाहीत ते पाहा, तिथल्या तांडेलांना विचारा. उधाणाच्या दिवशी दुपारी मुख ओलांडू नका.” चौकटीत पेन्सिलीने रेखाटण्याइतकी मोकळी जागा ठेवली आहे. रचना करणाऱ्या सदस्याला ती जागा रिकामी वाटत होती आणि तिथे बोधचिन्ह टाकावे असे त्याचे मत होते. ते मागच्या बाजूला नेले.

हाच साचा आता गड नदीच्या मुखासाठी आणि आचऱ्याच्या खाडीसाठी वापरायचा आहे. दोन्ही ठिकाणची पाहणी भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या दिवसांत, प्रवाह कमी असताना करायची, आणि त्यानंतर एकदा उधाणाला किनाऱ्यावरून. प्रूफ दुरुस्त्यांसह छापखान्यात दिले आहे. काळा रंग थोडा गडद करायला आणि घडीच्या रेषेवर आलेला 14 क्रमांकाचा बिंदू डावीकडे सरकवायला सांगितले आहे.